फॅन्टसी चित्रपटातून ख्रिस्ती श्रद्धेचा धडा कसा घ्यावा : संडे स्कूलच्या नव्या शिक्षकांसाठी

साताऱ्यात संडे स्कूलचे काम हाती घेतल्यानंतर मी पहिल्यांदा मुलांना चित्रपट दाखवला, तेव्हा प्रोजेक्टर होता, पडद्याऐवजी पांढरी चादर होती, चाळीसेक मुले होती आणि पुष्कळ उत्साह होता. तयारी मात्र नव्हती. चित्रपट होता ‘द क्रॉनिकल्स ऑफ नार्निया : द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’. पुढच्या रविवारी मी मुलांना काय आठवते असे विचारले, तर बहुतेकांना शेवटची लढाई आठवत होती, काहींना बोलणारे बीव्हर आठवत होते, आणि दगडी मेजावर सिंहाने स्वेच्छेने पत्करलेल्या मरणाबद्दल दोन मुलींखेरीज कोणीही बोलले नाही. ज्या प्रसंगासाठी मी सारा खटाटोप केला होता, तोच मुलांच्या हातातून निसटला होता. त्यानंतर हाच चित्रपट मी वेगवेगळ्या वयाच्या गटांबरोबर अनेकदा पाहिला आणि दर वेळी पद्धतीत काही ना काही बदलत गेलो. हे काम नव्याने सुरू करणाऱ्या शिक्षकांचा गोंधळ थोडा कमी व्हावा म्हणून ती पद्धत येथे क्रमाने लिहीत आहे. संडे स्कूल, तरुण संघ किंवा घरातील कौटुंबिक प्रार्थना यांपैकी कोठेही ती वापरता येईल.

चित्रपटाची आवश्यक माहिती थोडक्यात देतो. सी. एस. लुईस यांची मूळ कादंबरी १९५० साली प्रसिद्ध झाली. सात पुस्तकांच्या मालिकेतील ते पहिले प्रकाशित पुस्तक. चित्रपट २००५ सालचा असून दिग्दर्शक अँड्र्यू अ‍ॅडमसन आहेत आणि त्याची लांबी सुमारे १४३ मिनिटे आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना पीटर, सुझन, एडमंड आणि ल्यूसी या चार भावंडांना खेड्यातील एका मोठ्या घरात पाठवले जाते, तेथील लाकडी कपाटातून ती नार्निया नावाच्या जगात पोहोचतात, आणि त्या जगावर पांढऱ्या चेटकिणीने शंभर वर्षांचा हिवाळा लादलेला असतो. एडमंड मिठाईच्या आणि राजेपणाच्या लोभाने भावंडांशी दगा करतो. त्याच्या जागी अ‍ॅस्लन हा सिंह मरण पत्करतो आणि पहाटे पुन्हा जिवंत होतो. दुसरा एखादा चित्रपट निवडला तरी पुढील पायऱ्या उपयोगी पडतील, परंतु नवख्या शिक्षकाने याच चित्रपटापासून आरंभ करावा असे मला वाटते, कारण ख्रिस्ती विचार त्याच्या कथेच्या गाभ्यातच आहे आणि तो ओढूनताणून काढावा लागत नाही.

१. आधी मूळपद ठरवा

नव्या शिक्षकाकडून बहुधा पहिली चूक होते ती क्रमाची. तो चित्रपट आधी निवडतो आणि मग त्याला चिकटवता येतील अशी वचने शोधत बसतो. असे केले की वचन चित्रपटाच्या मागे फरफटते.

आपल्याकडे याची योग्य रीत फार पूर्वीपासून आहे, ती म्हणजे कीर्तनाची. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एखादा अभंग किंवा पद घेऊन त्याचे निरूपण करतात, मध्ये नामाचा गजर होतो, उत्तररंगात त्याच सिद्धांताला धरून एखादे आख्यान सांगतात आणि शेवटी पुन्हा मूळ पदावर येऊन थांबतात. आख्यान कितीही रंगले तरी ते कोणत्या पदासाठी सांगितले जात आहे, याचा श्रोत्यांना विसर पडू दिला जात नाही. ख्रिस्ती मंडळीलाही ही रीत परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली छापले गेले; रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी मंडळीला भजन-कीर्तनाची गोडी लावली आणि आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, १९१७ साली, ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ येथे साताऱ्यातच सुरू केला. त्यामुळे कथेच्या आधाराने श्रद्धा समजावणे ही कोठून तरी आयात केलेली कल्पना आहे, असे कोणी म्हणाल्यास संकोचून जाण्याचे कारण नाही.

आपल्या सत्रात वचन हे मूळपद आणि चित्रपट हे आख्यान. एका सत्राला एकच मूळपद घ्यावे. या चित्रपटासाठी मी रोमकरांस पत्र ५:६-८ हा उतारा घेतो. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, हा त्याचा आशय आहे. तो चित्रपटाच्या आधी मोठ्याने वाचावा, दोन मुलांकडून पुन्हा वाचून घ्यावा, फळ्यावर लिहून ठेवावा आणि त्या वेळी त्यावर काहीही भाष्य करू नये.

२. स्वतः दोनदा पाहा आणि टिपणे काढा

पहिल्यांदा केवळ प्रेक्षक म्हणून पाहावे. आपल्याला कोठे भरून आले, कोठे कंटाळा आला आणि कोठे भीती वाटली, तेवढेच लिहावे. दुसऱ्यांदा वही घेऊन बसावे आणि महत्त्वाच्या प्रसंगांची मिनिटे आपल्या प्रतीवरून टिपून ठेवावीत, म्हणजे चर्चेच्या वेळी प्रसंग शोधण्यात वेळ जात नाही.

शक्य असल्यास मूळ कादंबरीही वाचावी. चित्रपटाने काही गोष्टी वाढवल्या आहेत आणि त्यांतील एक फार मोलाची आहे. आरंभी हवाई हल्ला चालू असताना एडमंड लढाईवर गेलेल्या वडिलांचे छायाचित्र आणण्यासाठी धोका पत्करून घरात परत धावतो. कादंबरीत हा प्रसंग नाही. पुढे दगा देणारा हा मुलगा मुळात दुष्ट नसून वडिलांच्या आठवणीने कासावीस झालेला आणि मोठ्या भावाच्या बोलण्याने दुखावलेला आहे, हे त्या एका प्रसंगाने कळते. संपूर्ण धडा पुढे या मुलावर उभा राहणार असल्यामुळे हा प्रसंग नजरेतून सुटता कामा नये.

३. ‘जोड्या लावा’ करू नका

शाळेच्या प्रश्नपत्रिकेत ‘अ’ गट आणि ‘ब’ गट देऊन जोड्या लावायला सांगतात, त्याप्रमाणे सिंह म्हणजे ख्रिस्त, चेटकीण म्हणजे सैतान, एडमंड म्हणजे येशूचा विश्वासघात करणारा यहूदा, पीटर म्हणजे पेत्र अशी यादी मुलांना देण्याचा मोह फार होतो. मीही तशी यादी फळ्यावर लिहिली होती. मुलांनी ती पाच मिनिटांत उतरवून घेतली आणि त्यानंतर विचार करण्यासारखे काही उरलेच नाही.

शिवाय ती यादी टिकत नाही. एडमंड यहूदा असेल, तर त्याला क्षमा होऊन तो पुढे राजा कसा होतो? भेटवस्तू देणारा नाताळबाबा कोण? बीव्हर कोण? प्रत्येक पात्राला शास्त्रातील जोडीदार मिळालाच पाहिजे असा हट्ट धरला की शिक्षक नसलेले अर्थ रचू लागतो, आणि चाणाक्ष मुले ते लगेच ओळखतात.

लुईस यांनी स्वतः एका पत्रात स्पष्ट केले आहे की अ‍ॅस्लन हे रूपक म्हणून रचलेले पात्र नाही. नार्नियासारखे एखादे जग खरोखर असते आणि देवाच्या पुत्राला त्या जगात अवतरावेसे वाटले असते, तर काय घडले असते, या प्रश्नाचे ते कल्पनेने दिलेले उत्तर आहे. हा भेद मुलांना अवश्य सांगावा. त्यामुळे ‘हे कशाचे चिन्ह आहे?’ या प्रश्नाऐवजी ‘येथे कोणाची चूक झाली, तिची किंमत काय आणि ती कोणी दिली?’ असा प्रश्न विचारता येतो, आणि या प्रश्नाचे उत्तर दहा वर्षांचे मूलही स्वतःच्या शब्दांत देते.

४. ‘जादू’ या शब्दाची तयारी ठेवा

हा आक्षेप येणारच, आणि तो क्षुल्लक नाही. आमच्या मंडळीतील एका आजींनी मला थेट विचारले, “अनुवादाच्या अठराव्या अध्यायात जादूटोणा देवाला किळसवाणा आहे असं लिहिलंय, आणि तू पोरांना चेटकीण दाखवतोस?” मी त्या वेळी घाईने काहीतरी उत्तर दिले, आणि ते चुकीचे होते. त्यांचा प्रश्न आदराने घ्यायला हवा होता. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आयुष्य वेचलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे हे गाव आहे. २०१३ सालापासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. भानामती आणि करणी यांच्या भीतीने पिळली गेलेली माणसे आपल्या ओळखीत असतात. अशा ठिकाणी ‘जादू’ हा शब्द केवळ गंमतीचा राहत नाही.

पुढे मी त्या आजींच्या घरी गेलो आणि चित्रपटातील दोन गोष्टी वेगळ्या करून त्यांना सांगितल्या. चेटकिणीची जादू ही फसवणारी आणि गोठवून टाकणारी आहे, आणि कथेत ती सरळसरळ वाईटच ठरते. अ‍ॅस्लन ज्या ‘खोल जादू’विषयी बोलतो, ती मात्र मंत्रतंत्र नाही, त्या जगाच्या उत्पत्तीच्या वेळी घालून दिलेला तो नियम आहे : दगा देणाऱ्याचा जीव चेटकिणीच्या हक्काचा. म्हणून मराठीत समजावताना मी तेथे ‘आदिनियम’ हा शब्द वापरतो. चेटकीण अ‍ॅस्लनला या नियमाची आठवण करून देते, तेव्हा तो लिहिला गेला त्या वेळी मी तेथे होतो, असे तो तिला बजावतो. हा संवाद, ‘शब्द’ आरंभी देवाबरोबर होता असे सांगणाऱ्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या तीन ओव्यांशेजारी ठेवून वाचला की शंका बरीच निवळते. तरीही एखाद्या पालकाचे समाधान झाले नाही, तर त्यांच्या मुलाला न बोलावणेच योग्य. त्या आजी पुढच्या वेळी स्वतः येऊन शेवटच्या रांगेत बसल्या.

५. परवानगी, प्रत आणि साहित्य

हा भाग रुक्ष वाटला तरी वगळू नये. घरगुती ओटीटी वर्गणी घरात पाहण्यासाठी असते. तिच्यावरून सभागृहात जाहीर खेळ लावणे नियमांत बसत नाही. इंटरनेटवरून उतरवलेली चोरीची प्रत तर मुळीच वापरू नये. प्रामाणिकपणाचा धडा चोरीच्या प्रतीवरून देता येत नाही, आणि प्रत कोठून आणली हे मुलांना नेमके ठाऊक असते. मोठ्या गटासाठी हक्कधारकाची परवानगी घ्यावी. ती मिळणे अवघड असेल तर मी आता करतो तसे करावे, म्हणजे ज्या घरांत वर्गणी किंवा मूळ डीव्हीडी आहे तेथे त्या कुटुंबाने आपल्या मुलांबरोबर चित्रपट पाहावा आणि चर्चेसाठी सर्वांनी रविवारी एकत्र यावे. चर्चा या पद्धतीने अधिक चांगली होते, हा माझा अनुभव आहे, कारण आईवडिलांनीही चित्रपट पाहिलेला असतो.

जवळ असावे असे :

- मंडळीच्या कमिटीची लेखी संमती आणि पाळकसाहेबांना आधी दिलेली कल्पना
- पालकांचे संमतीपत्र, त्यात चित्रपटाचे नाव आणि भीतीदायक प्रसंगांचा स्पष्ट उल्लेख
- दोन मुलांमागे एक पवित्र शास्त्र
- प्रसंगांची मिनिटे लिहिलेली वही
- चांगला स्पीकर. चित्र थोडे पुसट चालते, आवाज अस्पष्ट असेल तर मुले बोलू लागतात
- वीज गेल्यास इन्व्हर्टर, आणि लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड
- कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली
- कंदी पेढ्यांचा एक डबा, ज्याचे कारण पुढे येईल

आठ वर्षांखालील मुलांना दगडी मेजाचा प्रसंग दाखवू नये, असे मी अनुभवाने सांगतो. मशालींच्या उजेडातील तो जमाव आणि तो सुरा लहान मुलांना रात्री झोपू देत नाही.

इतर धर्मांतील मित्रमैत्रिणी येणार असतील, तर हा कार्यक्रम ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने घेतलेला आहे, हे त्यांच्या पालकांना निमंत्रणातच सांगावे. चित्रपटाचे आमिष दाखवून बोलावणे आणि नंतर प्रवचन ऐकवणे हा त्या घरांच्या विश्वासाचा भंग आहे. उघड सांगितल्यावर जे येतात ते मोकळेपणाने बोलतात. एका मुलाने सिंह पाहून नरसिंहाची आठवण सांगितली, आणि त्या निमित्ताने प्रकटीकरण ५:५ मधील ‘यहूदा वंशाचा सिंह’ हे वर्णन वाचता आले.

६. हिवाळा आपल्या भाषेत आणा

चित्रपट दोन बैठकींत पाहावा. एडमंड चेटकिणीच्या वाड्यात पोहोचतो, तेथे पहिली बैठक थांबवावी.

पहिल्या बैठकीपूर्वी एक अडचण सोडवावी लागते. नार्नियात कायम हिवाळा आहे आणि नाताळ कधीच येत नाही, ही कथेतील सर्वांत मोठी पीडा आहे. परंतु आपल्या मुलांना हिवाळा आवडतो. त्यांच्यासाठी थंडी म्हणजे महाबळेश्वरची सहल आणि स्ट्रॉबेरी, आणि बर्फ पाहून ती टाळ्या वाजवतात. म्हणून मी त्यांना माण आणि खटाव या दुष्काळी तालुक्यांची आठवण देतो. शंभर वर्षे पाऊसच पडला नाही, विहिरी आटल्या, जनावरे छावणीत गेली ती परतलीच नाहीत, आणि पाऊस कसा असतो हे केवळ आजोबांच्या आजोबांनी सांगितलेले आहे, अशी कल्पना करायला सांगितली की मुले शांत होतात. आमच्या वर्गात दहिवडीकडची दोन मुले होती. मला पुढे काही समजावण्याची गरजच पडली नाही, त्यांनीच टँकरच्या रांगेविषयी सांगितले. मग बर्फ वितळून पाणी वाहू लागते, त्या प्रसंगाला मुलांना पहिल्या पावसाचा वास येतो. ‘अ‍ॅस्लन येत आहे’ या बातमीचे वजन त्यांना तेव्हा कळते.

७. सुरुवात एडमंडपासून करा

बहुतेक शिक्षक सिंहापासून सुरुवात करतात. सिंह भव्य आहे, त्यामुळे मुले त्याच्याकडे दुरून पाहत राहतात. एडमंड मात्र त्यांच्याच बाकावर बसणारा मुलगा आहे.

चेटकीण एडमंडला देते ती टर्किश डिलाइट ही मिठाई आपल्याकडे फारशी कोणी खाल्लेली नसते. म्हणून पहिल्या बैठकीच्या आरंभी मी कंदी पेढ्यांचा डबा सर्वांना दिसेल असा मेजावर ठेवतो आणि पेढे शेवटी मिळतील एवढेच सांगतो. बैठक संपल्यावर विचारतो, “किती जणांच्या मनात मधूनमधून पेढा आला?” हात वर होतात, हशा पिकतो, पेढे वाटले जातात, आणि मग याकोबाचे पत्र १:१४-१५ वाचले जाते. प्रत्येक जण आपल्याच वासनेने ओढला जाऊन मोहात पडतो, हे वचन तोंडात पेढा असताना फार नीट समजते. पेढा खाणे हे पाप नाही, हेही आवर्जून सांगावे. एका चिमुरडीने आपला पेढा घाबरून परत केला होता, आणि तो दोष माझ्या अर्धवट बोलण्याचा होता.

त्यानंतर एडमंडची घसरण पायरीपायरीने फळ्यावर मांडावी. आधी तो मिठाई खातो. मग ती पुन्हा मिळावी म्हणून भावंडांना घेऊन येण्याचे कबूल करतो. मग ल्यूसी सर्वांसमोर त्याची साक्ष काढते, तेव्हा तो नार्नियाला गेलोच नव्हतो असे खोटे सांगून तिला तोंडघशी पाडतो. दगा फार पुढे येतो. मुलांना विचारावे की या वाटेवर तो कोठून परत फिरू शकला असता. आमच्या वर्गात जवळजवळ सर्वांनी ल्यूसीला खोटे पाडण्याच्या जागेवर बोट ठेवले. एक मुलगा मात्र म्हणाला की पीटर त्याच्यावर सारखा ओरडत नसता, तर तो गेलाच नसता. हे उत्तर चुकीचे ठरवू नये. चित्रपटात पीटर स्वतः अ‍ॅस्लनजवळ कबूल करतो की आपण एडमंडशी फार कठोर वागलो. एकाच्या पापात दुसऱ्याच्या कठोरपणाचा वाटा असू शकतो, आणि तरीही ज्याचे पाप त्याचेच राहते, या दोन्ही गोष्टी मुलांसमोर एकत्र ठेवाव्यात.

सुटका झाल्यानंतर एडमंड आणि अ‍ॅस्लन उंच खडकावर एकान्तात बोलतात. काय बोलणे झाले ते आपल्याला ऐकू येत नाही. भावंडांकडे परत आल्यावर अ‍ॅस्लन एवढेच सांगतो की झाले ते झाले, त्याविषयी एडमंडशी बोलण्याची आता गरज नाही. येथे चित्रपट थांबवून स्तोत्र १०३:१२ वाचावे आणि एक मिनिट शांतता ठेवावी. मुलांना ‘काय बोलले असतील?’ असे विचारून संवाद लिहून घेण्याची कल्पना चांगली वाटते, मी ती केलीही. पण नंतर सोडून दिली. पश्चात्तापाचे बोलणे चारचौघांत होऊ नये, हेच तर तो प्रसंग शिकवतो.

८. दगडी मेज : साम्य कमी सांगा, भेद नीट सांगा

हा धड्याचा कळस आहे. येथे घाई करू नये.

साम्ये मुलांना स्वतः शोधू द्यावीत. त्यासाठी प्रसंग पाहण्यापूर्वी मत्तय २६:३६-४६, मत्तय २७:२७-३१, यशया ५३:७ आणि लूक २४:१-६ हे चार उतारे चार गटांना वाटून द्यावेत. रात्रीची व्याकूळ चाल आणि सोबत हवी असणे, आयाळ कापून केलेली विटंबना, तोंड न उघडणे, पहाटे मेजाजवळ असलेल्या दोन मुली, हे सारे मुलांना आपोआप दिसते. मेज दुभंगते तेव्हा ख्रिस्ताच्या मरणसमयी फाटलेल्या मंदिराच्या पडद्याची कोणीतरी आठवण काढतेच.

शिक्षकाची गरज खरी लागते ती पुढे. तरुण संघाच्या एका बैठकीत मी मार्क १०:४५ वाचले. आपल्या पवित्र शास्त्रात तेथे ‘खंडणी’ हा शब्द आहे. कॉलेजात शिकणारा एक मुलगा लगेच म्हणाला, “म्हणजे देवाने सैतानाला खंडणी दिली का? पिक्चरमध्ये तर चेटकीणच मागत होती.” मला उत्तर देता आले नाही आणि मी तसे सांगितले. त्या आठवड्यात पाळकसाहेबांजवळ बसून जे समजून घेतले ते असे.

आजच्या वर्तमानपत्रात खंडणी म्हणजे गुंडाने धमकावून उकळलेला पैसा. मूळ ग्रीक शब्द ‘लुत्रोन’ हा दास किंवा कैदी सोडवण्यासाठी दिलेल्या मोलाचा वाचक आहे, म्हणून ‘सुटकेचे मोल’ असे समजावणे बरे. हे मोल नेमके कोणाला दिले, हे त्या वचनात सांगितलेले नाही. ते सैतानाला दिले असे आरंभीच्या शतकांतील ओरिजेनसारख्या काही ख्रिस्ती शिक्षकांनी मांडले होते; १०९८ साली पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांनी सैतानाला माणसावर असा हक्कच नाही असे ठामपणे सांगितले. चित्रपटातील मांडणी पाहणाऱ्याला पहिल्या मताकडे झुकवते. मूळ कादंबरीत मात्र बीव्हर चेटकिणीला नार्नियावरील सर्वोच्च सम्राटाच्या हुकमाने फाशी देणारी म्हणतो. म्हणजे नियम तिचा नाही, ती केवळ शिक्षा बजावणारी आहे. हा एक तपशील सांगितला की त्या मुलाच्या प्रश्नाची गाठ बरीच सुटते.

आणखी दोन भेद सांगावेत. अ‍ॅस्लन एका एडमंडसाठी मरतो. ख्रिस्त जगासाठी मरण पावला, असे योहान ३:१६ सांगते. पण म्हणून चित्रपट चुकला असे म्हणण्याची घाई करू नये, कारण गलतीकरांस पत्र २:२० मध्ये पौल ‘माझ्यावर प्रीती केली आणि माझ्यासाठी स्वतःला दिले’ असे एकवचनी बोलतो. दोन्ही वचने शेजारी लिहून मुलांनी दुसऱ्या वचनात ‘माझ्या’च्या जागी स्वतःचे नाव घालून ते मनात वाचावे.

दुसरा भेद पुनरुत्थानाचा. चित्रपटात अ‍ॅस्लन परत येतो, कारण चेटकिणीला नियमाचा खरा अर्थ कळला नव्हता : निर्दोषाने दगाबाजाच्या जागी स्वेच्छेने मरण पत्करले, तर मरणच उलटते. लक्षपूर्वक पाहणाऱ्या मुलांना ही कायद्यातील पळवाट वाटते, आणि त्यांची समजूत रास्त आहे. प्रेषितांची कृत्ये २:२४ वाचावे. देवाने त्याला उठवले, असे पेत्र सांगतो. तेथे पळवाट नाही, पित्याची कृती आहे. या भेदावर मी पूर्ण अर्धा तास देतो, आणि वेळ कमी असेल तर साम्यांची चर्चा कापतो.

९. लढाई लवकर आटपा

चित्रपटाने लढाई बरीच लांबवली आहे आणि ती शेवटी येत असल्यामुळे तीच लक्षात राहते. मी लढाईची चर्चा घेत नाही. तिच्यातील दोनच गोष्टींकडे लक्ष वेधतो : दगा देणारा एडमंड जीव धोक्यात घालून चेटकिणीची कांडी तोडतो, आणि अ‍ॅस्लन दगड झालेल्या प्राण्यांवर श्वास फुंकून त्यांना जिवंत करतो. दुसऱ्या प्रसंगासाठी योहान २०:२२ पुरेसे आहे.

१०. पुन्हा मूळपदावर या

शेवटी फळ्यावरील रोमकरांस पत्र ५:६-८ पुन्हा एका मुलाकडून वाचून घ्यावे. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातील वधस्तंभाविषयीचे एखादे गीत पेटी-तबल्यावर म्हणावे, मुलांना चाल येत असलेलेच गीत निवडावे, नवे शिकवण्याची ही वेळ नव्हे. मग चिठ्ठ्या वाटाव्यात. चिठ्ठीवर नाव लिहू नये, आणि दोनच गोष्टी लिहाव्यात : एडमंडची कोणती पायरी मला ओळखीची वाटली, आणि मला अजून काय कळले नाही.

चिठ्ठ्या सर्वांसमोर वाचू नयेत. घरी नेऊन पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांसाठी प्रार्थना करावी आणि त्या फाडून टाकाव्यात. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे मात्र आधी वहीत उतरवून घ्यावीत, कारण पुढच्या तीन-चार रविवारांचे विषय त्यांतूनच निघतात. मागच्या खेपेला सहा चिठ्ठ्यांवर जवळजवळ एकच प्रश्न होता : एडमंडला स्वतःच्या जागी कोण मेले हे कोणी सांगितले का? चित्रपट त्याचे उत्तर उघडपणे देत नाही. पुढच्या रविवारी आम्ही लूकच्या बाविसाव्या अध्यायातील ५४ ते ६२ या ओव्या उघडल्या, जेथे आपल्याला ओळखत नाही असे सांगणाऱ्या पेत्राकडे प्रभू वळून पाहतो, आणि तो तास त्या एका नजरेवरच गेला.